न चावलेला नान

हिलोलाच्या पुढ्यातल्या नान-रोटीला कडेशी एकच खाच पडली होती, नखाएवढी. पोर दात लावतच नव्हती. बोटांनी कण मोडून तोंडात टाकत होती, तेही सनोबर बघत असली तरच.

"आमच्या मर्गिलानच्या उंदरांना याहून जास्त भूक असते," सनोबरचा नवरा तुर्सुन म्हणाला. "काय गं, आत्याच्या हातचं आवडत नाही?"

"आवडतं," हिलोला खाली मान घालून म्हणाली.

पाच वर्षांची पोर, सनोबरच्या भावाची तिसरी मुलगी. आईपासून दूर झोपायची तिची ही पहिलीच वेळ. 'एका रात्रीपुरतं' असं तिला सांगितलं होतं. मोठ्यांचं ठरलं होतं ते वेगळंच: सनोबरला मूल नाही, तर भावाने तिसरं तिच्या ओटीत घालायचं. शब्द पोरीच्या जन्माआधीच दिलेला. सनोबरच टाळत आली होती. दूध तुटू दे, बोलायला लागू दे. पण पोरीसाठी छोटी गादी मात्र तिने कधीचीच शिवून ठेवली होती.

अंगणात तुतीखाली आज ती गादी अंथरली. हिलोला बूट उशाशी घेऊन बसली.

"मोजे तरी काढ की."

"नको. सकाळी उशीर होईल." मग हळूच, "आत्या, आई एक गोष्ट विसरली."

"कोणती गं?"

"बाबा रशियाला निघाले तेव्हा आईने त्यांना नान चावायला लावला. उरलेला खिळ्याला टांगलाय. तो संपवायला बाबा येणारच." तिने बूट जवळ ओढले. "मला दिलाच नाही. मग मी घरी कशी जाणार?"

सनोबरला दुपारची झमीरावहिनी आठवली. दारात उभी, रिकामे हात ओढणीत गुंतवलेले. शेजारच्या गावी निघालेल्यालाही नान चावल्याशिवाय न सोडणारी बाई. ती विसरली नव्हती. परत येशील असं लेकीला खोटं सांगायला तिचा हात धजला नव्हता, एवढंच.

"विसरली असेल," सनोबर म्हणाली.

हिलोलाने उशीत तोंड खुपसलं आणि आवाज न करता रडू लागली. परक्या घरी रडावं तशी. सनोबरने पाठीवर हात ठेवला, तर पाठ ताठ झाली.

"रडू दे," तुर्सुन पुटपुटला. "चार दिवसांत रुळेल. वासरूसुद्धा रुळतं."

"रुळेल. तेच तर नकोय," सनोबर म्हणाली.

ती उठली. दस्तरखानावरचा, जेवणाच्या चादरीवरचा तोच नान आणून तिने पोरीपुढे धरला. "चाव बघू. मोठा घास घे. उरलेला मी इथे टांगते. संपवायला येशील ना कधीतरी, पाहुणी म्हणून?"

हिलोलाने डोळे पुसले, आत्याकडे पाहिलं आणि चावा घेतला. नानावर इवल्या दातांची ओळ उमटली.

"अगं, म्हणजे काय?" तुर्सुन उठून बसला.

"अहो, सकाळी चहा झाला की हिला झमीराकडे सोडून येऊ," सनोबर म्हणाली. "आणि दादाला मीच फोन करते. पोर तिच्या आईची आहे, तिथेच राहील."