फ्रेंच बचावातली फट

चौदाव्या चालीला रझमिकने घोडा फुकट देऊन टाकला, तेव्हा समोर बसलेल्या वार्दगेस सरांचा हात चहाच्या पेल्यापाशीच थबकला.

व्हानाद्झोर शहराच्या बुद्धिबळ स्पर्धेची ही शेवटची फेरी. सर एकसष्ट वर्षांचे, भूगोल शिकवून निवृत्त झालेले. आज जिंकले असते, तर चाळीस वर्षं हुलकावणी देणारा मास्टरचा किताब त्यांना मिळाला असता. त्यांचा जुना विद्यार्थी रझमिक मिनीबस चालवायचा. त्याला बरोबरीही पुरेशी होती. अर्ध्या गुणावर तो शहरात पहिला येणार होता.

काळी मोहरी घेऊन सर आयुष्यभर फ्रेंच बचावच खेळले. गेल्या हिवाळ्यात आपल्या स्वयंपाकघरात त्यांनीच रझमिकला दाखवलं होतं, "हे बघ, इथे एक फट आहे. पांढऱ्याने घोडा दिला की त्याचा वजीर शह देतच राहतो. राजा इकडे, राजा तिकडे. झाली बरोबरी!"

"मग खेळता कशाला हा डाव?"

"अरे गाढवा, फट तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

आता राजा इकडे, राजा तिकडे झाला. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, म्हणजे नियमाने बरोबरी. पंचांनी दोघांच्या सह्या घेतल्या. लोक रझमिकची पाठ थोपटू लागले, पण त्याला मान वर करवेना.

जिन्यात त्याने सरांना गाठलं. "सर, मला ठाऊक होतं ना, तरी हाच बचाव का खेळलात?"

सर कोटाची बटणं लावत राहिले. "समोर तू होतास, रझमिक-जान. म्हणून तर निर्धास्त होतो."

रझमिकला त्यांनी ओढतच घरी नेलं. सिरानुशकाकूंनी द्राक्षाच्या पानांतला डोल्मा मोठं पातेलं भरून केला होता. त्यांनी दारातच विचारलं, "काय झालं हो?"

"आपला रझमिक पहिला आला," सर म्हणाले. "त्याला आधी वाढ."

"आणि तुम्ही?"

"बरोबरी. पोरगा चोख खेळला."

काकूंनी रझमिककडे कौतुकाने पाहिलं. त्याने खाली बघितलं. भिंतीलगत चुन्याची ताजी पूड सांडली होती. वर, किताबाच्या प्रमाणपत्राची चौकट टांगायला, काकूंनी सकाळीच नवा खिळा ठोकला होता.

सरांनी डोक्यावरची टोपी काढली, त्या खिळ्याला अडकवली आणि ते हात धुवायला गेले.