निळ्या माशाचा वाडगा

शोभनाकाकूंच्या घरात एक कायदा होता आणि तो मोडायची टाप कोणाची नव्हती: शेजारचं भांडं रिकामं परत जायचं नाही. काहीच नसेल तर चमचाभर साखर घाला, पण रिकामं नाही म्हणजे नाही. नागपूरला हाच कायदा होता, ओहायोत हाच होता आणि निवृत्तीनंतर मुलाजवळ राहायला क्युपर्टिनोला आल्यावरही हाच. इथे तर शेजारी असे भेटले, की कायद्याला रोज काम!

शेजारी म्हणजे लिन पतिपत्नी. तेही लेकीजवळ राहायला आलेले, बीजिंगकडचे. मेफांग लिनला इंग्रजी जेमतेम, आणि काकूंना चिनीचा एक शब्द येत नव्हता. तरी दोघी सकाळी पार्कात फिरायला जायच्या आणि तासभर बोलायच्या. काय बोलायच्या, देव जाणे! मेफांगचा निळ्या माशाचा वाडगा पालेभाजी भरलेली डंपलिंग घेऊन यायचा आणि चकल्या नाहीतर लाडू घेऊन परत जायचा. काकूंना ड्रायव्हिंग येत नव्हतं. मुलगा सिद्धेश आणि सून दिवसभर ऑफिसात. त्या गल्लीत काकूंचं म्हणावं असं एकच माणूस होतं, ते मेफांग.

आणि नवरे? मोरेश्वरकाकांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिनसाहेबांना कॅरम शिकवला होता. दुपार झाली की गॅरेजमध्ये टकाटक सुरू.

सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात २००१ सालच्या एप्रिलच्या आरंभी तिकडे चीनजवळच्या समुद्रावर अमेरिकेचं हेरगिरीचं विमान आणि चीनचं लढाऊ विमान एकमेकांवर आदळलं. चिनी वैमानिक बेपत्ता झाला, अमेरिकेची चोवीस माणसं चीनने अडकवून ठेवली. हे म्हणेनात सॉरी, ते सोडेनात माणसं. दोघांकडे अणुबॉम्ब, आणि दोघांच्या नाकावर राग!

आता मोरेश्वरकाकांनी तीस वर्षं टंगळमंगळ करून मागच्याच वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतली होती. तेव्हापासून अंगात अमेरिका संचारलेली. कॅरमवर राणी कव्हर करता करता ते म्हणाले, "तुमच्या पोरानं आमच्या विमानाला धडक दिली."

"तुमचं विमान आमच्या दारात काय करत होतं?" लिनसाहेब म्हणाले. "आमचा पोरगा गेला समुद्रात."

"आणि आमची चोवीस माणसं?"

"तुमची?" लिनसाहेब हसले. "तुम्ही तर नागपूरचे!"

झालं! काकांना ते असं काही झोंबलं की विचारू नका. राणी कव्हर न होता तशीच राहिली आणि लिनसाहेब तरातरा घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मेफांग फिरायला आली नाही. नवऱ्याचं मन तिला मोडवेना.

"तो सॉरी म्हणू दे, मग बघू," काका टीव्हीसमोर बसून म्हणायचे. टीव्हीतही तेच चाललं होतं.

काकूंनी मनाशी बेत केला. शनिवारी चैत्रातलं हळदीकुंकू होतं. आंबेडाळ करायची, मेफांगचा वाडगा शिगोशीग भरायचा, आणि कुंकवाचा करंडा घेऊन स्वतः तिच्या दारात उभं राहायचं. नवऱ्यांनी बसावं हटून. वाडगा घासूनपुसून ओट्यावर तयार ठेवला.

आणि काकू आंघोळीला गेल्या असताना या शहाण्या माणसाने तो उचलला आणि लिन यांच्या पायरीवर नेऊन ठेवला. रिकामा!

"त्यांचं भांडं त्यांच्या घरी," हात झटकत काका म्हणाले. "विषय संपला."

काकू ओट्याजवळ मटकन बसल्या. "अहो, काय केलंत हे? तुमचा कॅरमचा गडी गेला, दुसरा मिळेल. मला इथे एकच मैत्रीण होती हो!" आणि त्या रडायलाच लागल्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण बायको अशी रडलेली काकांनी फार वेळा पाहिली नव्हती. पुन्हा जाऊन वाडगा आणावा, तर पायरीवरून तो केव्हाच आत गेलेला.

तासाभराने बेल वाजली.

काकांनी दार उघडलं. दारात लिनसाहेब, हातात वाफाळतं पातेलं. मागे मेफांग, डोळे लाल, मुठीत औषधी बामची बाटली.

"मिसेस सिक?" लिनसाहेबांनी विचारलं.

"सिक? नाही... का?"

"वाडगा रिकामा आला. तीन वर्षांत कधी आला नाही. मेफांग म्हणाली, शोभनाला उठवत नसणार. फार आजारी असणार. तेव्हापासून रडतेय." त्यांनी पातेलं पुढे केलं. "आलं घातलंय."

"नो मीट! नो एग!" मागून मेफांग घाईघाईने म्हणाली.

आजारी आहे म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण तेवढा वाईट माणूस नव्हता तो, नुसता हट्टी होता.

"ती बरी आहे," ते म्हणाले. "वाडगा मी ठेवला. रागाने, मुद्दाम. सॉरी, लिनसाहेब. व्हेरी सॉरी."

लिनसाहेबांनी पुढे केलेलं पातेलं मागे घेतलं. आता हे सूप घेऊन माघारी जाणार, असं आतून बघणाऱ्या काकूंना वाटलं.

"आणि त्या पोरासाठी?" लिनसाहेबांनी हळूच विचारलं.

"त्याच्यासाठीही," काका म्हणाले. "त्याच्या आईसाठीही."

लिनसाहेबांनी पातेलं त्यांच्या हातात दिलं. मेफांग तर काकांना ओलांडून केव्हाच आत पोचली होती आणि धडधाकट काकूंच्या कपाळाला बाम चोळत होती. काकूही चोळून घेत होत्या.

लिनसाहेबांनी बूट काढले. आत येता येता ते काकांच्या दंडाला हात लावून म्हणाले, "तुमची चोवीस माणसंही सुखरूप घरी येऊ देत."

पातेलं ओट्यावर ठेवून काकांनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

संध्याकाळी पातेलं घासून झाल्यावर ते काकूंना म्हणाले, "अगं, रवा कुठे आहे?" जन्मात पहिल्यांदाच शिरा केला त्यांनी. गुठळ्या झाल्या, तळाला लागला. काकूंनी मदतीला हात लावला नाही. पातेलं भरून काका एकटेच पलीकडे गेले.