बारावी सही

लिओचं पत्र मी उभ्या उभ्या वाचलं आणि शब्दकोशात ठेवून दिलं, त्याला तेवीस वर्षं झाली. जोहान्सबर्गहून आलेलं, चार ओळींचं. "एर्हार्ड, मी तुमच्याबरोबर स्काउटमध्ये होतो हे माझ्या मुलीला पटत नाही. म्हणते, ज्यू मुलाला त्या जर्मनांनी घेतलं असेल होय! पथकाच्या बखरीत कोरड्या नदीच्या सहलीचं पान आहे ना? त्यावर माझी सही आहे, एवढंच कळव."

तेवढंच मला जमलं नाही.

आफ्रिकेच्या नैर्ऋत्येला, जर्मन वस्तीच्या ओमारुरू गावातल्या आमच्या पथकाची रीत अशी, की सहलीहून आलं की बखरलेखकानं हकिकत लिहायची आणि गेलेल्या प्रत्येकानं खाली सही करायची. मी धावण्यात मागे, अक्षरात पुढे. म्हणून बखर माझ्याकडे. त्या सहलीत जवळचं पाणी संपलं. नदीच्या वाळूत आम्ही खणलेले सगळे खड्डे कोरडे निघाले. लिओनं मात्र वळणावरच्या खडकाखाली कोपरापर्यंत हात घालून ओल शोधली. पहिला पेला भरला तेव्हा म्हणाला, "आधी त्या चष्मिष्टाला द्या रे. तो मेला तर बखर कोण लिहील?"

पुढच्या वर्षी, चौतीस साली, जर्मनीतलं नाझी वारं आमच्या गावापर्यंत पोचलं आणि पथकप्रमुख डेटलेफसेन यांनी लिओला गळ्यातला रुमाल परत करायला लावला. मग मला बोलावलं.

"ते पान नव्यानं लिही. पाणी पथकाला सापडलं, असं."

"आणि सह्या, साहेब?"

"पुन्हा घेऊ. बारा होत्या, अकरा होतील."

मी लिहिलं. अक्षर पहिल्याहून देखणं आलं. ते आजही खुपतं. मुलांनी ओळीनं सह्या केल्या. कुणी काही विचारलं नाही. पहिली सही माझी होती. जुनं पान जाळायला सांगितलं होतं, ते मी शर्टात लपवून घरी आणलं. धैर्य म्हणावं, तर तसं नव्हतं. जाळायचीही भीतीच वाटली असावी.

गेल्या महिन्यात शब्दकोडं सोडवताना इर्मगार्डनं, माझ्या बायकोनं, शब्दकोश उघडला आणि पत्र तिच्या मांडीवर पडलं.

"हे काय रे? उत्तर दिलंस?"

"काय लिहावं सुचेना."

"तीन कपाटं पुस्तकं घरात, आणि चार ओळी सुचेनात!"

मग मी तिला सगळं सांगितलं. तिनं पत्र पुन्हा एकदा वाचलं.

"तो नसेल आता, तर?" मी म्हणालो.

"मुलगी असेल ना. शंका तिलाच होती."

मी सात खर्डे केले. प्रत्येकात माझं वय होतं, तो काळ होता, डेटलेफसेन होते. इर्मगार्डनं सातवा वाचून खाली ठेवला. "त्यानं विचारलंय काय, आणि तू सांगतोयस काय?"

आठवा असा झाला: "लिओ, तुझी सही आहे. बखरीत नाही; तिथलं पान मी बदललं. खरं पान सोबत आहे. पाणी तुला सापडलं होतं."

पोस्टातल्या मुलीनं पाकीट चाचपलं. "आजोबा, फोटो आहेत का आत? घडी पडू नये म्हणून ‘दुमडू नका’चा शिक्का मारू?"

"घडी पडलीय," मी म्हणालो. "जुनी आहे."

तिनं तिकिटांवर शिक्का हाणला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.

"आणखी काही, आजोबा?"

माझ्यामागे माणसं उभी होती. मी बाजूला झालो.