मृगांका ग्रहाच्या राणीचं भाषण

ग्वाल्हेरच्या थाटीपुर वस्तीतल्या त्या घरात शनिवारी संध्याकाळचा स्वयंपाक लवकर उरकला जाई, कारण नंतर 'तारापथ के प्रहरी' लागत असे. लागत असे म्हणजे प्रांजली लावत असे. दूरदर्शनवर ती मालिका येऊन गेल्याला पस्तीस-चाळीस वर्षं झाली होती. कोणा हौशी माणसाने जुन्या कॅसेटवरून तिचे भाग उतरवून इंटरनेटवर चढवले होते. प्रांजली शाळेत फिजिक्स शिकवायची. दर शनिवारी एक भाग बघायचा, त्यातल्या चुका शोधायच्या आणि त्यांचा छोटा व्हिडिओ करून आपल्या चॅनेलवर टाकायचा, हा तिचा छंद होता.

चुका शोधण्यात तिला खरी साथ लीलाताईंची. लीलाताई म्हणजे तिच्या सासऱ्यांची थोरली बहीण. यजमान गेले, मागोमाग भाऊही गेला, तेव्हा त्या भावजयीकडे, म्हणजे विमलकडे, राहायला आल्या आणि इथेच रमल्या. फिजिक्समधलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण नजर घारीची. "थांबव," म्हणायच्या आणि पडद्याकडे बोट करायच्या. अंतराळयानाच्या दाराला न्हाणीघराची कडी आहे. चंद्रावर उभ्या कप्तानाच्या अंगावर छताच्या पंख्याची सावली फिरते आहे. शत्रूचं महाभयंकर यंत्र म्हणजे उपडं घातलेलं इडलीपात्र आहे. चॅनेलचे प्रेक्षक आता फिजिक्सबद्दल विचारीनासे झाले होते. 'आत्याजी ने इस बार क्या पकड़ा?' एवढंच विचारत.

विमल या दोघींना चहा द्यायची, तिळाची गजक फोडून ठेवायची आणि दारात उभी राहून हसायची. गेल्या शनिवारी मात्र प्रांजली म्हणाली की पुढचा भाग मृगांका ग्रहावरचा आहे, आणि विमलचं हसू तिथल्या तिथे विरलं.

मृगांका ग्रहाची राणी खुद्द विमलच होती. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नानंतर काही वर्षं ती नवऱ्याच्या नोकरीपायी दिल्लीत होती. शेजारचे एक गृहस्थ मालिकेच्या दिग्दर्शकाचे मदतनीस होते. त्यांना एका भागासाठी उंच बाई हवी होती, आणि विमल उंच होती. तो भाग दाखवला त्या संध्याकाळी इकडे ग्वाल्हेरात सासरच्या सगळ्या लष्कर भागाची वीज गेली, त्यामुळे सासरच्या कोणालाच राणी दिसली नाही. सगळे हळहळले. विमलने मात्र देवापुढे साखर ठेवली.

त्याचं कारण तिने कोणाला सांगितलं नव्हतं. राणीला परग्रहाच्या भाषेत बोलायचं होतं आणि ती भाषा लिहायची कोणाला आठवणच राहिली नव्हती. दिग्दर्शक म्हणाले, काहीही बोला, फक्त हिंदी नको. अर्थ आम्ही खाली हिंदीत लिहू. आता विमल पडली ग्वाल्हेरची. माधवगंजात साडी घेताना दुकानदाराच्या तोंडावर "रंग जाणार हिचा, उठ इथून" असं मराठीत खुशाल बोलायचं, ही तिच्या माहेरची रीत. चारचौघांत मराठी बोललं की आपल्याभोवती पडदा ओढला जातो, अशी तिथल्या मराठी घरांची पक्की समजूत. त्या दुकानदारांना पिढ्यान्‌पिढ्या मराठी कळत आलं आहे, याने त्या समजुतीला कधी धक्का बसला नाही. दिल्लीत तर खरोखरच कोणाला कळत नव्हतं. म्हणून विमलने मनात खदखदत होतं ते बोलून टाकलं. कॅमेऱ्यातून तेच ग्वाल्हेरला पोचणार, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

आणि मनात तेव्हा खदखदत होत्या लीलाताई. त्या ग्वाल्हेरहून दिल्लीला राहायला आल्या होत्या आणि हलायचं नाव घेत नव्हत्या. भाग दाखवला तोवर मात्र त्या परतल्या होत्या.

ही सगळी जुनी गोष्ट. पण पुण्याचा पुतण्या गेले काही दिवस लीलाताईंना कायमचं तिकडे बोलावत होता. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, "बघू" म्हटलं होतं. मुलगा अभिराम भोपाळला, सून दिवसभर शाळेत. विमलचा सगळा दिवस जायचा तो वन्संशी वाद घालण्यात, आणि ते भाषण ऐकून वन्संनी पिशवी भरली तर ती कोणत्या तोंडाने अडवणार होती?

शनिवारी विमलने जमेल ते केलं. दुपारी तिने किला गेटच्या एका ओळखीच्या बाईंकडे जायचा विषय काढला. मग नेट नीट चालत नसल्याची तक्रार केली. शेवटी म्हणाली, हा भाग फार कंटाळवाणा आहे, पुढचा लावा.

"आई, तुमचाच भाग, आणि तुम्हीच टाळून राहिल्या?" प्रांजली म्हणाली. "इतना क्या शरमाना?"

लीलाताई तर खास इस्त्रीची साडी नेसून बसल्या होत्या.

धुरातून राणी प्रकट झाली तशा त्या खूश झाल्या. "थांबव. मुकुट म्हणजे पुरणाची चाळणी आहे." प्रांजलीने ते टिपून घेतलं आणि भाग पुढे सोडला. पृथ्वीच्या कप्तानाने राणीपुढे मान झुकवली. राणीने हात उंचावला. पडद्याखाली हिंदीत अक्षरं उमटली, 'हे अतिथि, जब तक जी चाहे ठहरिए। यह घर आपका ही है।' वर राणी खणखणीत आवाजात म्हणत होती, "वन्सं, तुम्ही जाणार तरी कधी? माझ्या डाळीत गूळ, माझ्या कपाटात तुमच्या साड्या. हे घर माझं आहे. आपल्या घरी जा आता."

प्रांजली आधी खो खो हसली. या मालिकेच्या चाहत्यांनी 'वन्सं' हा मृगांकावासीयांचा देव असावा असं ठरवून त्यावर पानंच्या पानं लिहिली होती. मग तिची नजर आत्यांकडे गेली.

"थांबव," लीलाताई म्हणाल्या. या वेळी बोट उठलं नाही. "मागे घे."

त्यांनी ते पुन्हा ऐकलं आणि पुन्हा थांबवायला लावलं. विमल दारातून पुढे आली. मी लहान होते, दोन खोल्यांचं घर होतं, मला काही कळत नव्हतं, असं बरंच काही ती बोलत राहिली. लीलाताई पडद्याकडेच बघत होत्या.

"मी का जात नव्हते, माहीत आहे तुला?"

विमलला माहीत नव्हतं. तिने कधी विचारलंच नव्हतं.

"ह्यांनी सांगितलं होतं, मी बोलावेन तेव्हाच ये. आणि बोलावणं येईना." लीलाताईंनी पदर सारखा केला. "ते कोणाला सांगायची लाज वाटायची. मग काय, बसले तुझ्या डाळीत गूळ घालत."

प्रांजलीने रिमोट खाली ठेवला आणि या भागाचा व्हिडिओ आपण करणार नाही म्हणून सांगितलं.

"का नाही करणार? मोठी चूक तर आहे त्यात." आता लीलाताईंचं बोट उठलं. पडद्यावर राणी हात उंचावून थिजली होती. "बोलली खणखणीत. पण नजर बघ, जमिनीकडे. असं बोलायचं असेल तर माणसाकडे बघून बोलावं."

विमल त्यांच्यासमोर येऊन बसली. हातातली गजकची बशी कुठे ठेवावी हे न सुचून तिने ती मांडीवरच ठेवली आणि सरळ त्यांच्याकडे बघितलं.

"वन्सं, पुण्याला जाऊ नका," ती म्हणाली. "तेव्हा मी बोलले ते सोडा. तिथे खाली लिहिलंय ना, ते माझं आताचं म्हणणं."

लीलाताईंनी चष्मा नाकावर वर सरकवला, पुढे वाकल्या आणि पडद्याखालची ओळ अक्षर अक्षर लावून वाचली. वाचून झाल्यावर पुन्हा एकदा वाचली.

"पुण्याला सकाळी फोन लावून दे मला, नाही म्हणायचं राहिलंय," त्या विमलला म्हणाल्या. मग प्रांजलीकडे वळल्या. "सोड पुढे. कप्तान काय उत्तर देतो ते बघू."