मला चंदेरी रंग का दिला?

मी एक जुना भोंगा आहे. हातात धरून बोलायचा, सेलवर चालणारा. मित्रांनो, मला हळू बोलता येत नाही, आणि आज तर मी भयंकर चिडलेलो आहे.

निलंग्याजवळच्या एका गावातल्या लिंबाजी कांबळेनं मला आणलं आणि माझ्यावर निळ्या रंगात ‘जय भीम’ लिहिलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, म्हणून आम्ही नांदेडपर्यंत मोर्चे काढले. त्याचा राग काढायला नाव द्यायला विरोध असलेल्या लोकांनी लिंबाजीचं छप्पर पेटवलं. तरी तो गप्प बसला नाही. माझी छाती अभिमानानं भरून यायची.

विद्यापीठाला नाव मिळायच्या आधीच भूकंप झाला. लिंबाजी भिंतीखाली गेला. त्याच्या बायकोनं, नागुबाईनं, मला ढिगाऱ्यातून उपसलं. भूकंपानंतर राहायला दिलेल्या पत्र्याच्या शेडपाशी टँकर आला की आधी गाव पाणी भरायचं, आमची वस्ती मागून. नागुबाईनं मला तोंडाला लावलं.

“ढिगाऱ्याखाली समदे संगच गेले, तवा कुनी जात इचारली न्हाई! येकच लाईन लावा!”

लाईन एकच लागली.

मग वर्षानुवर्षे मी माळ्यावर धूळ खात पडलो. त्याचं मला दुःख नाही. पुढचं ऐका.

नागुबाईचा मुलगा अश्वजित सरकारी नोकरीत लागला. त्याची मुलगी रेणुका हुशार. तिला डॉक्टर व्हायचंय, म्हणून लातूरला क्लास लावला. आता क्लासजवळ रूम हवी होती. कांबळे म्हटलं की फोन ठेवणारे बरेच भेटले. शेवटी अश्वजितनं फोनवर ‘अशोक पाटील’ असं नाव सांगितलं, आणि रूम मिळाली!

सामान बांधताना नागुबाईनं मलाही घेतलं. ‘जय भीम’ दिसू नये म्हणून अश्वजितनं माझ्यावर चंदेरी रंग फासला.

“बापानं नावासाठी घर जाळून घेतलं, अन् तू सोताचं नाव झाकून राहिला?” नागुबाई कडाडली.

“आई, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न हाय,” तो म्हणाला.

लातूरला फाटकातच घरमालक सर उभे होते. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. हसून म्हणाले, “या पाटील! कुठले तुम्ही? देवक काय तुमचं?”

अश्वजित सामान उतरवायच्या निमित्तानं टेम्पोकडे वळला. मग रेणुका पुढे झाली.

“सर, आम्ही कांबळे. बौद्ध.”

सरांचं हसू गेलं. “अरेच्चा, रूम तर कालच दिली की! तसं आमचं काही नाही हो, पण घरात म्हातारी माणसं आहेत.”

मित्रांनो, माझ्यात सेल असते तर मी त्या गल्लीच्या कानठळ्या बसवल्या असत्या! टेम्पो तसाच परत फिरला. रेणुका आता रोज निलंग्याहून एसटीनं जाते, उभ्यानं पुस्तक वाचत. परवा तिला चक्कर आली.

सरांच्या फाटकावर ‘विद्यार्थ्यांसाठी रूम भाड्याने देणे आहे’ ही पाटी अजून तशीच आहे. तुमच्याही घरावर असेल एखादी. मला पुसूनबिसून शोभेला ठेवू नका, त्यापेक्षा एक करा. आज घरी गेल्यावर आईबाबांना विचारा, रूम बघायला आलेल्याला ते सगळ्यात आधी काय विचारतात. आणि उत्तर ऐकून गप्प बसू नका.