सगळ्यांची गाठ

मी एक जुना दोर आहे, मित्रांनो. आता माझा वीतभर तुकडाच उरला आहे. पण एके काळी माझे वेटोळे उचलायला दोन खलाशी लागत. कारखान्यात माझे तीन पदर पिळले, तेव्हा कारागीर म्हणाला होता, "हा तुटायचा नाही." खरेच, मी कधी तुटलो नाही. मला सोडले गेले.

मासेमारीची बोट धक्क्याला धरून ठेवणे हे माझे काम. वादळ सरले की तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य चालक, माझ्यावर थाप मारून म्हणायचा, "शाब्बास रे गड्या!" त्याच बोटीवर त्याचा धाकटा मेहुणा जाळे ओढायचे यंत्र चालवी. त्या यंत्राचे दात उघडे असत आणि त्यांत खलाशांची बोटे सापडत. "झाकण बसवा," असे सांगून सगळ्यांची तोंडे दुखली, पण मालक दाद देईनात.

शेवटी खलाशांच्या संघटनेने संप पुकारला. तिथली रीत अशी, की सगळ्या बोटी एकमेकींना खेटून उभ्या करायच्या, एकच दोर साऱ्यांतून ओवायचा आणि शेवटची गाठ सर्वांत बाहेरच्या बोटीच्या तांडेलाने मारायची. ती सोडायची तर सगळ्यांसमोर. तो दोर मी होतो आणि गाठ आमच्या तांडेलाची होती. तेव्हाचा माझा रुबाब काय सांगू!

एका दुपारी सगळे बर्फखान्याच्या आवारात सभेला बसले होते. तांडेल एकटाच बोटींवर पहारा देत होता. मालकाचा मुकादम चार माणसे घेऊन धावत आला.

"तांडेल, बाहेर होडी उलटली! माणसं पाण्यात आहेत!"

पाण्यात माणूस आहे म्हटल्यावर दर्यावरचा माणूस कोणाची होडी, कुठली होडी असे विचारत नाही. त्याने झटक्यात मला सोडून बोटीत ओढून घेतले आणि मुकादमाची माणसेही बोटीत चढली. आवार हाकेच्या अंतरावर होते, पण हाक मारायचे त्याला सुचले नाही. आणि खरे सांगायचे तर, इतके दिवस रिकामे बसून त्याचे हात सुकाणूसाठी शिवशिवत होते. पुढे त्याला हेच सर्वांत जास्त खुपले.

बाहेर होडी नव्हतीच. मुकादमाच्या माणसांनी सुकाणू हिसकावले, जाळे टाकले. तांडेल नुसता ओरडत राहिला. परतलो तेव्हा धक्क्यावरच्या लोकांना दिसली ती मासळीने भरलेली बोट. "तुमचा तांडेलच फुटला," असे मालकांनी पसरवले. मग एकेक बोट सुटत गेली आणि संप मोडला. झाकण राहूनच गेले.

पुढच्याच महिन्यात त्या यंत्राने मेहुण्याची दोन बोटे नेली. दवाखान्यात तांडेल मान खाली घालून उभा होता.

"रडताय काय, दाजी? लग्नातल्या अंगठीचा खर्च वाचला तुमचा," मेहुणा म्हणाला.

तांडेलाला हसू आले नाही. घरी बायको ताट वाढायची, पण बोलायची नाही. तो धक्क्यावर येऊन तासन्‌तास माझे पदर चाचपत बसे. मलाही फार अपराधी वाटे. धरून ठेवणे एवढे एकच तर काम होते माझे.

पुढच्या हंगामात पुन्हा संप ठरला. बोटी खेटून उभ्या राहिल्या. तांडेल गर्दीमागे तोंड लपवून उभा होता. मेहुण्याने मला त्याच्यापुढे धरले.

"बांधा, दाजी."

"माझ्यावर अजून भरवसा आहे?"

"नाही. म्हणून तर मी शेजारी बसणार आहे. पण आठ बोटांनी गाठ घट्ट बसत नाही हो. बांधा."

तांडेलाने डोळे पुसून गाठ मारली. टोक मेहुण्याने ओढले. काही दिवसांनी मुकादम नवी थाप घेऊन आला, तेव्हा तांडेलाने आधी आवाराकडे तोंड करून हाक मारली. सगळे धावत आले आणि मुकादमाची बोबडी वळली. हा संप झाकण मिळेपर्यंत टिकला.

आज त्याच झाकणाला मूठ म्हणून माझा हा तुकडा बांधला आहे. बोट निघण्याआधी तांडेल रोज मला ओढून पाहतो. झाकण पक्के असते, पण ते दोन बोटे उशिरा आले. मेहुण्याच्या हाताकडे तो अजूनही पाहत नाही.

मित्रांनो, जुना दोर टाकून देऊ नका, असे सांगायचे मनात होते. ते राहू द्या. सगळ्यांनी मिळून मारलेली गाठ एकट्याने सोडायची वेळ आली, तर आधी एक हाक तेवढी मारा. आवार जवळच असते.