हसून आडवी

उभी

लोक म्हणतात, हसून हसून आडवे झालो. ते बोलण्यापुरतं. मी खरोखरच होते.

आधी जबडा सैल पडतो, मग मान, मग गुडघे. पहिल्यांदा झालं ते मी कामाला जाते त्या लॉन्ड्रीत, इस्त्री करताना. नवरा डबा द्यायला आला होता. यांचं केस कापायचं दुकान आहे, आणि यांची जीभ वस्तऱ्यापेक्षा जास्त चालते. निम्मी गिऱ्हाइकं जिभेसाठीच येतात. त्या दिवशी दुकानातलंच काहीतरी सांगत होते. मी हसले आणि शर्टांच्या ढिगाऱ्यावर कोसळले. इस्त्री, नशीब, दुसऱ्या बाजूला पडली.

खाली

डोळे मिटलेले. ऐकू सगळं येतंय.

पाणी आणा. पंखा लावा. बाजूला व्हा.

मालकीणबाई म्हणतायत, दिवस गेले असतील.

नाही गेले, असं सांगायचंय. जीभ आहे, पण माझी नाही.

यांचं नुसतं अगं, अगं.

करंगळी हलली.

बसलेली

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. झोपेत स्वप्न पडतं तेव्हा मेंदू अंग ढिलं सोडून देतो. नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस पलंगावरून उठून धावला असता. माझ्यात तीच कळ दिवसाढवळ्या दाबली जाते, जोराचं हसू आलं की. अंग झोपेत जातं, डोकं जागं राहतं. आजार आहे, वेड नाही. गोळ्या घ्या, दुपारी थोडी झोप काढा, उभ्याने हसताना जपा.

‘जपा’चं घरी पोचेपर्यंत ‘हसवू नका’ झालं.

सासूबाईंनी अंमलबजावणी हातात घेतली. टीव्हीवर विनोदी काही लागलं की बातम्या लावायच्या. “एवढं काय हसायचं असतं मेलं,” त्या म्हणायच्या. “मला नाही कधी आलं.” हे खरं होतं. त्यामुळेच त्यांच्याकडे बघून मला फार यायचं.

उभी

आणि हे गप्प झाले.

जेवताना मीठ दे, पाणी दे, एवढंच. मी विचारायचे, आज दुकानात काय झालं? केस कापले, म्हणायचे. एकदा लॉन्ड्रीतून येताना दुकानावरून गेले तर आत हशा पिकला होता. यांचा आवाज, मधोमध. मी पायरी चढले, कोणीतरी “वहिनी” म्हणालं, आणि सगळं दुकान मयताला बसल्यासारखं झालं. एकाच्या गालावर फेस तसाच. यांनी मला स्टूल दिलं. बस, म्हणाले, पडशील.

म्हणजे जीभ शाबूत होती, फक्त मला बंद होती. मी या माणसाशी लग्न केलं ते या जिभेसाठी. रूप आणि पैसा आमच्याकडे दोन्हीकडून बेताचंच. मला ते बोलणं परत हवं होतं, पडले तरी बेहत्तर. पण विषय काढला की हे उठून तुरटी नाहीतर कात्री शोधायला लागायचे, घरात.

खाली

या वेळी पाडलं सासूबाईंनी. बातम्यांत एक पुढारी रडता रडता खुर्चीत कोसळला. त्या गंभीरपणे म्हणाल्या, “यालाही हसवू नका असं सांगा कोणीतरी.”

सतरंजीवर गाल. सासूबाई पाणी आणायला आत.

हे शेजारी बसलेत. मला ऐकू येतं, हे यांना माहीत आहे.

“आता उत्तर देऊ शकत नाहीस म्हणून सांगतो,” हे म्हणतायत. “लॉन्ड्रीत तू पडलीस तेव्हा आधी वाटलं, विनोद जमला. मग इस्त्री बघितली. आता तोंड उघडलं की वाटतं, मीच ढकलतोय तुला.”

उत्तर आहे. तोंडाशी आहे. तोंड नाही.

आडवी

दुपारी दुकान रिकामं असतं. मी सरळ जाऊन खुर्चीत बसले, दांडी ओढून पाठ मागे पाडली, मान टेकवली, हात पोटावर ठेवले.

“दाढी करायची का?” यांनी विचारलं.

“आता खाली पडायला जागा नाही. ढकला.”

“उगाच काहीतरी—”

“मला ऐकायचंय. तुम्ही नाही सांगितलंत तर मी रोज गिऱ्हाईक म्हणून येईन. पैसे बुडवीन.”

यांनी वस्तरा मिटून खणात ठेवला. एक माणूस, म्हणाले, दाढी करताना इथेच झोपला. घोरत होता. अर्धी मिशी उतरवली आणि तो दचकून उठला, घड्याळ बघून पळाला तसाच. घरी बायकोने दार अडवलं. म्हणाली, आधी तुमचं काय ते ठरवा, मग आत या.

जबडा गेला.

मान गेली. गुडघे गेले, पण त्यांना कुठे जायचं नव्हतं.

हे थांबले. नळ ठिबकतोय. थांबू नका.

हनुवटीखाली यांचा हात आला. साबणाचा वास.

“तर तो परत आला,” हे हळू म्हणाले. “म्हणतो, काढलेली परत लावा. आणि उरलेली एवढ्यात काढू नका, मी बायकोला विचारून येतो.”

आणि हेच हसायला लागले. हात हलतोय, माझं डोकं हलतंय. माझंही हसू चालू आहे, आत, कोणाला न दिसता.

जबडा परत आला तेव्हा मी विचारलं, “मग? काय म्हणाली ती?”

“पुढचं अजून सुचलं नाही.”

“मग सुचवा की. मी पडलेय इथेच.”

हे स्टूल ओढून बसले आणि विचार करायला लागले.